स्ट्रेचरशेजारची दुसरी जागा

दिनांक २२ नोव्हेंबर १९७६, सोमवार. रक्कम अठरा हजार चारशे रुपये, पैकी सहा हजार आगाऊ. हजर चौघे: आमचे मालक, परगावच्या एका विमान-कारखान्याचे इंजिनिअर, आमचे मोठे मिस्त्री आणि मी. जागा सांगलीतला आमचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना. काम असं की, दोन इंजिनांच्या एका नव्या नागरी हेलिकॉप्टरची केबिन लाकडात करून द्यायची, खऱ्या मापाची.

मी तिथे अंदाजपत्रकं करत असे. गिऱ्हाईक नवी चेसिस घेऊन आलं की सागवान किती घनफूट, पत्रा किती, खिळे-बोल्ट किती किलो आणि मजुरी किती हे काढून मालकांपुढे ठेवायचं. वय चौतीस. सांगलीत भाड्याच्या दोन खोल्या, पत्नी आणि दोन मुली, आईवडील साताऱ्याला. हेलिकॉप्टर मी तोपर्यंत दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा खालून.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा पत्नीने विचारलं, "लाकडाचं? मग ते उडणार नाही."

"नाही उडणार."

"मग अठरा हजार कशाचे?"

मी इंजिनिअर साहेबांनी सांगितलेलंच तिला सांगितलं. खरं यंत्र पत्र्याचं करायच्या आधी माणूस आत कसा चढतो, डोकं कुठे आपटतं, दार उघडल्यावर कशाला अडतं, हे लाकडात बघून घेतात. लाकडात चूक सापडली तर रंधा मारता येतो. पत्र्यात सापडली तर सगळंच परत करावं लागतं.

"चांगली पद्धत आहे," ती म्हणाली. "हे घर बांधणाऱ्याने स्वयंपाकघर असंच आधी लाकडात करून बघायला हवं होतं."

इंजिनिअर साहेब आमच्याच जिल्ह्यातले, म्हणजे साताऱ्याचे. पाटणच्या पुढे डोंगरात त्यांचं गाव. घरातले बरेचजण फौजेत. हे वायुदलात तंत्रज्ञ म्हणून गेले, तिथे शिकत राहिले आणि पुढे त्या कारखान्यात डिझाइनच्या कामाला लागले. लाकूड वाकवून गोलाई काढणारी माणसं ट्रकच्या केबिन बांधणाऱ्यांकडे मिळतील, म्हणून त्यांनी सांगली गाठली होती. बोलायला मोजके. पण त्या हेलिकॉप्टरबद्दल विचारलं की हातातला चहा गार होऊ द्यायचे.

दोन इंजिनं कशासाठी, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी यायचं. रानावरून जाताना कुठेतरी उतरता येतं, पण गावावरून जाताना खाली घरं असतात आणि आत साधी माणसं. म्हणून नागरी वापराला दोन. मात्र उरलेलं एक इंजिन एकट्याने जेवढं पेलेल, तेवढंच आत भरायचं. त्याच्यावर एक किलोही नाही."

हे मला फार आवडलं. ट्रकवाल्यांच्या धंद्यात वजनाची मर्यादा ही नाक्यापुरती असते. इथे ती खरी होती.

केबिनमध्ये पुढे वैमानिक, त्याच्यामागे कपाट असलेली एक आडभिंत, आणि तिच्यामागे डाव्या अंगाला लांबीत एक स्ट्रेचर. स्ट्रेचरशेजारी डॉक्टरची खुर्ची आणि सोबतच्या माणसाची एक. स्ट्रेचर आत सरकवायला पाठीमागे कपाटासारखी दोन झडपांची दारं. हे स्ट्रेचर इंजिनिअर साहेबांनी भांडून नकाशात ठेवलं होतं. त्यांच्या कारखान्यातल्या काहींचं म्हणणं असं की, ते काढून आणखी दोन गादीच्या खुर्च्या टाकाव्यात. बड्या लोकांना नेण्यासाठी असं यंत्र सहज खपेल. निकाल सांगलीत लागायचा होता. प्रतिकृती तयार झाली की तिघांची समिती येणार, खरा माणूस स्ट्रेचरवर घालून बघणार, आणि अडचण दिसली तर उडणाऱ्या पहिल्या नमुन्यातून स्ट्रेचर जाणार.

"पहिल्यात नसलं तर पुढे घालू की," मालक म्हणाले.

"पहिल्यात नसलेलं पुढे कुणी घालत नाही," साहेब म्हणाले.

त्यांना याचं एवढं का, ते मला साताऱ्यात कळलं. सागवान बघायला मी तिथल्या वखारीत गेलो होतो. साहेबांनी त्यांच्या थोरल्या भावाला निरोप द्यायला सांगितलं होतं. भावाची शहराच्या कडेला पिठाची गिरणी होती. गेलो तर गिरणी चालू, पीठ उडतंय, आणि भाऊ एका पायावर उभे. दुसरा पाय गुडघ्याखाली नव्हता. मला बसवून चहा मागवला आणि मी न विचारताच त्यांनी सांगितलं. विशीत असताना कड्यावरून घसरले, पाय मोडला. पावसाळा होता. गावकऱ्यांनी घोंगडीची झोळी करून खाली आणलं, ओढ्याला पाणी होतं म्हणून ते उतरायची वाट बघत बसले. साताऱ्याला पोचेपर्यंत पाय सडला होता.

"आता धाकटा म्हणतो, आभाळातनं खाट नेतो," ते हसत म्हणाले. "मी म्हटलं, ने बाबा. पण दोन इंजिनं कशाला रं? माझ्या गिरणीला एकच हाय. तर म्हणतो, दादा, तुझं बंद पडलं की आळी उपाशी ऱ्हाती, माझं पडलं तर काय हुईल सांग." मग पट्टा सारखा करता करता म्हणाले, "लय जीव लावलाय त्यानं त्यात. जमंल न्हवं, भाऊसाहेब?"

मी म्हटलं, लाकडाचं काम चोख होईल. त्यापलीकडचं माझ्या हातात नव्हतं.

आणि लाकडाच्याच कामात आमची पहिली गफलत झाली. सांगाडा उभा राहिला, पाट्या ठोकून झाल्या, आणि साहेब टेप घेऊन आत गेले. रुंदी दीड मीटर हवी होती. ती चार सेंटिमीटर जास्त भरली. त्यांनी पुन्हा मोजलं, मग नकाशा उलगडून बघितला, मग आम्हा दोघांकडे बघितलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रकवाला नेहमी मिस्त्रींच्या कानात सांगतो, कागदावर आहे त्यापेक्षा अंगठाभर रुंद ठेवा, चार पोती जास्त बसतील. वीस वर्षं ऐकून ऐकून आता मिस्त्रींना सांगावंही लागत नसे. त्यांनी न विचारता दोन्ही अंगांना अंगठा-अंगठा सोडला होता.

"सायेब, कमी तर न्हाई केलं?" मिस्त्री म्हणाले. "जास्त झालं म्हणून गिऱ्हाईक भांडलेलं मी अजून बघितलं न्हाई."

"मिस्त्री, ह्या चार सेंटिमीटरला बाहेरून वारा अडतो. तो ढकलायला तेल जळतं."

"वारा तर ट्रकला बी अडतोय."

"ट्रक खाली पडत नाही हो!"

मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, "त्ये बी खरं हाय," आणि पोरांना पाट्या उपसायला सांगितलं. मालक चिडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत कुणी अचूक मागितलंच नाही, तर येणार कुठून?" पुढचं सगळं काम मिस्त्रींनी स्टीलच्या पट्टीवर केलं. नाकाची गोलाई त्यांनी प्लायवुडच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, एकावर एक चिकटवून अशी काढली, की साहेब दोन दिवस येता-जाता तिच्यावरून हात फिरवत होते.

समिती फेब्रुवारीत येणार ठरली. स्ट्रेचरवर घालायला माणूस हवा होता. मी म्हटलं, एखादा हमाल झोपवू. मिस्त्री म्हणाले, "धडधाकट माणूस कशाला? आमचं दाजी हायती की कडेगावला. उसाच्या ट्रॉलीवरनं पडल्यात, मांडीपातुर प्लास्टर हाय. त्या हप्त्यात मिरजेला दाखवायला न्यायचंच हाय. आधी हितं आणू."

मला ही कल्पना पटली. पाय न वाकणारा खरा रुग्ण यापेक्षा चांगला मिळाला नसता. मी मिस्त्रींना बजावलं, रुग्ण आणि सोबत एक माणूस. नकाशात तेवढंच आहे. मिस्त्रींनी मान हलवली.

त्या दिवशी समितीचे तिघे सकाळीच आले. प्रमुख होते ते वयस्कर, धारवाडकडचे, मराठी चांगलं समजणारे आणि त्यांच्या हेलात बोलणारे. दुसरे वैमानिक. तिसरे वजनांचे अधिकारी. यंत्रात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन त्यांच्याकडे लिहिलेलं असे. हे गृहस्थ मला लगेच आवडले, कारण त्यांनी चहात साखर किती हेही विचारून घेतलं.

मग फाटकातून ट्रॅक्टरची ट्रॉली आली. तीत गवतावर गादी, गादीवर दाजी, पाय पांढऱ्या खांबासारखा सरळ. त्यांच्या उशाला त्यांची आई, पायाशी बायको, म्हणजे मिस्त्रींची बहीण. शिवाय वळकटी, स्टोव्ह, भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची कळशी. ट्रॅक्टरवर दाजींचा भाऊ.

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "मी एक म्हटलं होतं ना?"

"मी बी सांगितलं हुतं," मिस्त्री म्हणाले. "आता आल्यात, तर काय परत धाडू?"

चार सुतारांनी दाजींना स्ट्रेचरवर घेतलं. मागची दारं उघडली, स्ट्रेचर रुळांवरून आत सरकलं आणि खटक्यात बसलं. कुठे घासलं नाही. प्लास्टरचा पाय दारापासून वीतभर आत राहिला. साहेबांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी प्रथम रंग बघितला. डॉक्टर म्हणून मला खुर्चीत बसवलं. मग सोबतच्या माणसाची पाळी.

दाजींची बायको आत चढली आणि खुर्चीत बसली. तिच्यामागून आई चढल्या आणि स्ट्रेचर व खुर्ची यांच्यामध्ये खाली, फळीवर, मुलाच्या डोक्याशी बसल्या. आता डॉक्टरला, म्हणजे मला, पाय हलवायला जागा उरली नाही.

वजनांचे अधिकारी बाहेरून म्हणाले, "एकच. एकालाच बसता येईल."

साहेबांनी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, "मग कुनी उतरायचं त्ये तुमीच सांगा. ही बायकू हाय, मी आई हाय."

साहेबांनी नकाशा उलगडला.

सून म्हणाली, "आत्ती, तुमी जावा. मी उतरते."

"मी एकली जाऊन काय करू? दवाखान्यात डॉक्टर काय बोलतोय, मला उमगतंय का? कागूद वाचायला तू लागतीस."

"मग मी जाते, तुमी ऱ्हावा."

"आन् त्याला कळ आली, वरडाय लागला, मग धरनार कोन? लाजत बसशील." आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "ल्हानपनापास्नं असाच हाय. इंजेक्शन बघितलं की पळतोय."

"आये, आता कुठं पळू?" दाजी स्ट्रेचरवरून म्हणाले.

वैमानिक मोठ्याने हसले. प्रमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "इकडं नेहमी असं दोघं येत असतात काय रीं?"

"दोघं म्हंजे कमीच, सायेब. भाऊ भाईर ट्रॅक्टरवर हाय. पेशंटला एकल्याच्या हवाली कोन करतंय? एक त्याच्याजवळ बसतंय, एक औषधाला पळतंय."

प्रमुखांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "माझ्या भावाला खाली आणलं तेव्हा आई आणि वहिनी दोघी झोळीबरोबर चालत होत्या. मी बघितलंय. आणि नकाशात एकच खुर्ची आखली. पुस्तकात एकच होती."

वजनांचे अधिकारी शांतपणे म्हणाले, की सोबत दोघं येणारच असतील, तर दोघांची जागा नसलेलं स्ट्रेचर निरुपयोगी आहे. आणि दुसरी जागा वजनात बसत नाही. एका माणसाचे सामानासह नियमाप्रमाणे पंच्याऐंशी किलो, खुर्चीचे सहा, एकूण एक्याण्णव. एका इंजिनाच्या मर्यादेत एवढी सवड नाही. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण हे ऐकताना मला गिरणीतला एका पायावर उभा माणूस दिसत होता, आणि वाटलं, संपलं. आता तिथे दोन गादीच्या खुर्च्या येणार.

साहेबांनी आकडे आईंना समजावून सांगितले. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पंच्याऐंशी? आवं, आमा दोघींना मिळून काट्यावर घाला. तुमच्या त्या एका मानसायेवढं बी भरायचं न्हाई."

कारखान्यात लाकूड तोलायचा काटा होता. वैमानिकांनीच आग्रह धरला. सासू अडतीस, सून पंचेचाळीस. दोघी मिळून त्र्याऐंशी. मी काटा दोनदा बघितला.

वजनांचे अधिकारी हसले. "नियमात मात्र प्रत्येकी पंच्याऐंशीच," ते म्हणाले. "उद्या दोन पैलवान आले तर?" पण ते तिथून हलले नाहीत. पुन्हा केबिनकडे गेले आणि आत डोकावून उभे राहिले.

तेव्हा सून हळूच मिस्त्रींना म्हणाली, "दादा, ही भित कशापायी? चालवनारा दिसतच न्हाई. चालवनारा न दिसता कसं बसायचं?"

प्रमुखांनी ते ऐकलं. वैमानिकांना विचारलं, ही आडभिंत तुम्हाला लागते का. वैमानिक म्हणाले, मला नको. ती बड्या लोकांच्या फायलींच्या कपाटासाठी आहे. वजनांच्या अधिकाऱ्यांनी बघून सांगितलं, कपाटासह चोवीस किलो. मग ते उपड्या खोक्यावर बसले आणि मला शेजारी बसवून घेतलं. डॉक्टरची गादीची खुर्ची काढून सोबतच्यांसारखी घडीची टाकली तर नऊ वाचतात. एकूण तेहतीस. एक्याण्णवातून गेले तेहतीस, उरले अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न किलो कुठून आणू?" ते मला म्हणाले.

वैमानिक मागून म्हणाले, "तेलातून घ्या. डोंगरातून साताऱ्याला किंवा मिरजेला यायचं तर पूर्ण टाकी कशाला? साठ किलो कमी भरा. सतरा-अठरा मिनिटांचं उड्डाण कमी होईल."

"कमी तेलाची सवय चांगली नाही," अधिकारी म्हणाले.

"स्ट्रेचर असेल तेव्हाच. आणि तसं आत पाटीवर लिहा."

वजनांच्या अधिकाऱ्यांनी साठातून अठ्ठावन्न वजा केले, आणि म्हणाले, "दोन किलो शिल्लक." आवाजात जराही फरक नव्हता. पण मी आकड्यांचा माणूस आहे. शिल्लक राहिली की माणसाचे खांदे कसे उतरतात ते मला ओळखू येतं.

प्रमुखांनी तिथेच सांगितलं की पहिल्या नमुन्यात स्ट्रेचर राहील, आडभिंत जाईल, सोबत दोन जागा. साहेब केबिनमागे गेले आणि उघडी दारं उगाचच एकदा बंद करून पुन्हा उघडली. आम्ही पुढच्या आठवड्यात आडभिंत काढली, डॉक्टरची खुर्ची बदलली, सोबतच्यांसाठी दुसरी घडीची खुर्ची बसवली, आणि ते सगळं सुटं करून दोन ट्रकांत भरून पाठवलं.

पुढचं इथेच सांगून टाकतो. काही वर्षांनी साहेब सांगलीस आले होते. तो नमुना पूर्ण झाला आणि उडाला. त्यात सोबतच्यांच्या दोन घडीच्या खुर्च्या होत्या, त्यांनी स्वतः एकीवर बसून बघितलं. त्या मांडणीचं तेवढं एकच झालं. मागण्या आल्या त्या वेगळ्या कामांसाठी, आणि आमच्या डोंगरांवर ते कधी आलं नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं. वाईट वाटलं असं मी म्हटलं, तर म्हणाले, "जे बसवायचं होतं ते बसलं आणि उडालं. दादाला नेऊन दाखवलं मी. तो त्या स्ट्रेचरवर आडवा झाला, आणि उठायलाच तयार नव्हता."

मी आज पंचावन्न वर्षांचा आहे. बॉड्यांची अंदाजपत्रकं करण्यात नोकरीची वर्षं गेली, आणि ती बरी गेली. पण खऱ्या मर्यादेच्या आत राहून माणसांसाठी जागा काढणं मी एकदाच जवळून पाहिलं. त्यासाठी मी मालकांचा ऋणी आहे, त्यांनी काम घेतलं म्हणून. मिस्त्रींचा, साहेबांचा, आणि मला खोक्यावर शेजारी बसवून घेणाऱ्या त्या वजनवाल्या गृहस्थांचा. सगळ्यांत जास्त त्या दोन बायकांचा, ज्यांच्यापैकी एकीलाही मागे ठेवता आलं नाही.

त्या दिवशी समिती निघायच्या आधी एक बाब राहिली होती. आलेल्यांना दिवसाचा भत्ता द्यायची मंजुरी होती, माणशी पंधरा रुपये, आणि ती रुग्ण व सोबत एक अशी दोघांचीच. मी वजनांच्या अधिकाऱ्यांना विचारलं, काय करू?

ते म्हणाले, "आम्हीच सोबत दोन माणसं मान्य केली. मग पैसे एकाचेच कसे?"

आई जवळच उभ्या होत्या. "आन् ट्रॅक्टरवाला?" त्यांनी विचारलं.

"मावशी, तो हेलिकॉप्टरात बसला नाही," साहेब म्हणाले.

"त्ये बी खरं," त्या म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडायला लागल्या.

पंधराप्रमाणे तिघांचे पंचेचाळीस रुपये मी त्यांच्या हातावर ठेवले.